राणीचा कायदा आणि दाराबाहेरची माणसं

युरोपातल्या सगळ्यात पुढारलेल्या विचारांवर आपल्या देशाचा कायदा उभा करायला निघालेली रशियाची सम्राज्ञी कॅथरिन द ग्रेट. तिनं देशभरातून माणसं बोलावली, त्यांचं ऐकूनही घेतलं. मग तो कायदा झाला का नाही?

१७६२चा उन्हाळा. रशियाच्या गादीवर नुकतीच एक नवी सम्राज्ञी बसली होती. त्याच दिवसांत दोन माणसांनी कसाबसा तिच्यापर्यंत एक अर्ज पोचवला. येर्मोलाय इल्यिन आणि सावेली मार्तिनोव्ह. दोघंही भूदास. म्हणजे जमिनीसोबत, घरातल्या सामानासोबत मालकाच्या नावावर असलेली माणसं. त्यांची मालकीण दार्या साल्तिकोवा ही मॉस्कोतली श्रीमंत विधवा. ती घरातल्या नोकरांना, त्यातही बायका-मुलींना, जीव जाईपर्यंत मारते, असं अर्जात लिहिलं होतं. इल्यिनच्या तर एकामागून एक तीन बायका तिनं मारल्या होत्या.

तक्रारी आधीही झाल्या होत्या. पण साल्तिकोवाचं घराणं मोठं, ओळखी वरपर्यंत. तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा व्हायची आणि त्याला पुन्हा तिच्याच हवाली केलं जायचं. या वेळी मात्र अर्ज वाचला गेला. चौकशी सुरू झाली.

ही नवी सम्राज्ञी म्हणजे कॅथरिन दुसरी. इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रबुद्ध राजेशाही’ या धड्यात तिचं नाव येतं. प्रबुद्ध राजेशाही म्हणजे काय, तर सत्ता सगळी राजाच्याच हातात, पण ती वापरायची बुद्धीनं, नव्या विचारांनी, प्रजेच्या भल्यासाठी. कॅथरिननं हे मनावर घेतलं होतं. पाच वर्षांनी तिनं कायद्यावर एक असा ग्रंथ लिहून काढला, की फ्रान्समध्ये त्याच्यावर बंदी आली. आणि त्याच वर्षी तिच्या राज्यात एक असा हुकूम निघाला, की इल्यिन-मार्तिनोव्हसारखा अर्ज करणाऱ्याची रवानगी थेट सायबेरियात व्हावी.

दोन्ही गोष्टी एकाच राजवटीत, एकाच वर्षी. हे कसं झालं, त्याचीच ही गोष्ट.

परकी मुलगी

कॅथरिन रशियन नव्हतीच. तिचं नावही कॅथरिन नव्हतं. २ मे १७२९ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्टेटिन या शहरात (आज ते पोलंडमध्ये आहे) एका लहानशा जर्मन संस्थानी घराण्यात ती जन्मली. नाव सोफी. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी. घराणं मानाचं, पण तिजोरी बेताची.

१७४४ साली रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथनं तिला बोलावून घेतलं. एलिझाबेथला मूल नव्हतं. भाचा पीटर हा वारस, आणि त्याच्यासाठी मुलगी पाहायची होती. सोफी तेव्हा १४ वर्षांची. तिनं एक गोष्ट पटकन ओळखली, की नवऱ्याला खूश करण्यापेक्षा रशियाला आपलंसं करणं जास्त गरजेचं आहे. रात्री जागून ती रशियन शिकायची. त्यात छातीचा आजार जडला, जीवावर बेतलं. आईनं ल्यूथरपंथी धर्मगुरू बोलवायची तयारी केली. सोफीनं ऑर्थोडॉक्स गुरूला बोलवायला सांगितलं. दरबारात ही गोष्ट लगेच पसरली. पुढे तिनं धर्म बदलला, नाव बदललं, ती येकातेरिना अलेक्सेयेव्हना झाली. १७४५ मध्ये लग्न झालं.

लग्न नावापुरतंच राहिलं. नवरा खेळण्यातल्या सैनिकांत रमायचा, ती पुस्तकांत. पुढची १७ वर्षं तिनं दरबारात वाचनावर काढली, असं म्हटलं तरी चालेल. आधी कादंबऱ्या, मग टॅसिटस, व्होल्तेअर, मॉन्टेस्क्यू. मॉन्टेस्क्यूचा ‘द स्पिरिट ऑफ द लॉज’ हा ग्रंथ तर तिच्यासाठी जवळजवळ पोथीच झाला. कायदे राजाच्या लहरीतून येऊ नयेत, ते देशाच्या हवामानाला, माणसांच्या सवयींना, समाजाच्या घडणीला धरून असावेत, हा त्याचा गाभा.

१७६१च्या अखेरीस एलिझाबेथ वारली आणि पीटर तिसरा गादीवर आला. तो टिकला जेमतेम सहा महिने. प्रशियाविरुद्धचं जिंकत आलेलं युद्ध त्यानं एकदम थांबवलं, सैन्य चिडलं, चर्चही दुखावलं. २८ जून १७६२ रोजी (या लेखातल्या रशियातल्या तारखा तिथल्या जुन्या कॅलेंडरच्या, आजच्या हिशेबात ११ दिवस मिळवायचे) गार्ड पलटणींनी कॅथरिनला सम्राज्ञी म्हणून घोषित केलं. पुढे होते ऑर्लोव्ह बंधू. लष्करी गणवेश चढवून, घोड्यावर बसून ती स्वतः नवऱ्याविरुद्ध निघाली. पीटरनं मुकाट्यानं राजीनामा दिला. आठवड्याभरात ऑर्लोव्हच्या पहाऱ्यात असताना तो मेला. सरकारी निवेदनात पोटाच्या दुखण्याचं कारण दिलं गेलं. ते कुणालाच खरं वाटलं नाही.

एक मुद्दा इथंच लक्षात ठेवायला हवा. ३३ वर्षांची ही बाई गादीवर आली ती रक्ताच्या हक्कानं नव्हे, तर उमरावांच्या तरुण पोरांच्या तलवारींवर. आणि ज्यांनी बसवलं ते उठवूही शकतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कायद्यांचा ढिगारा

तिला मिळालेला देश अवाढव्य होता, आणि त्याचा कायदा म्हणजे एक अडगळ होती. शेवटची कायद्याची संहिता १६४९ सालची. त्यानंतर शंभरेक वर्षांत हजारो हुकूम निघाले होते. एकात एक सांगितलेलं, दुसऱ्यात त्याच्या उलट. न्यायाधीशालाही नक्की कुठला हुकूम लागू आहे ते सांगता यायचं नाही. मग काय, ज्याचा खिसा जड त्याला सोयीचा कायदा सापडायचा. पीटर द ग्रेटपासून अनेकांनी नवी संहिता करायला समित्या नेमल्या होत्या. एकही समिती काम तडीस नेऊ शकली नव्हती.

कॅथरिननं ठरवलं, आधी तत्त्वं लिहायची. कुठल्या पायावर कायदा उभा करायचा ते ठरलं, की कलमं मागून येतील. ती पहाटे उठायची, कडक कॉफी घ्यायची आणि लिहायला बसायची. रोज दोन-तीन तास, जवळजवळ दोन वर्षं. त्यातून तयार झाला ‘नाकाझ’, म्हणजे सूचनापत्र. २० प्रकरणं, ५२६ कलमं. पुढच्या वर्षी आणखी दोन प्रकरणं जोडून कलमं ६५५ झाली.

आता खरं सांगायचं तर यातला बराचसा मजकूर कॉपी-पेस्ट होता. जवळपास निम्मी कलमं मॉन्टेस्क्यूची, शंभरएक कलमं चेझारे बेकारियाची. मिलानच्या या तरुणाचं गुन्हे आणि शिक्षा यांवरचं पुस्तक १७६४ मध्ये आलं, तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता. ते पुस्तक युरोपभर गाजलं आणि लगेच कॅथरिनच्या टेबलावर पोचलं. उसनवारी तिनं लपवली नाही. मॉन्टेस्क्यूला आपण लुटलंय, हे तिनं फ्रेंच मित्रांना पत्रातून खुशाल कळवलं.

पण तो काळ पाहा. छळ करून कबुलीजबाब घेणं ही न्यायालयाची रोजची रीत होती. नाकाझमध्ये मात्र लिहिलं होतं, की छळ अक्कलहुशारीच्या विरुद्ध आहे. त्यात अंगानं धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराध अडकतो. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस गुन्हेगार नाही. शिक्षेचा हेतू सूड नव्हे, पुढचा गुन्हा थांबवणं हा आहे. शांततेच्या काळात फाशीची गरज नसते. सगळे नागरिक एकाच कायद्याखाली असावेत. कायदा इतक्या सोप्या भाषेत असावा, की सामान्य माणसालाही कळावा. हे सगळं कुणा विद्यापीठातल्या प्राध्यापकानं नव्हे, तर अमर्याद सत्ता असलेल्या सम्राज्ञीनं लिहिलं होतं.

एक बदल मात्र तिनं जाणूनबुजून केला. मॉन्टेस्क्यूच्या मते फार मोठं साम्राज्य जुलमी सत्तेकडेच झुकतं. कॅथरिननं त्यातून वेगळाच अर्थ काढला. देश एवढा मोठा आहे, म्हणूनच सगळी सत्ता एका हातात हवी. सत्तेची विभागणी करून राजाला वेसण घालायचा भाग तिनं सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

आणि भूदासांचं काय? कच्च्या मसुद्यात तिनं त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं होतं. मालकाच्या अधिकाराला मर्यादा हवी, भूदासाला स्वतःची मालमत्ता असावी, मोकळं होण्याचा मार्ग असावा, अशा दिशेनं. मसुदा तिनं जवळच्या सल्लागारांना वाचायला दिला आणि नको ते खोडा म्हणून सांगितलं. त्यांनी खोडलं, भरपूर खोडलं. छापील नाकाझमध्ये भूदासांवरचं प्रकरण मोजक्या, गुळमुळीत ओळींचं उरलं. एकदम सरसकट माणसं मुक्त करू नयेत, हेही त्यात आलं.

क्रेमलिनमधली सभा

तत्त्वं तयार झाली. आता ती कुणापुढे ठेवायची? इथं कॅथरिननं खरोखर धाडस केलं. १४ डिसेंबर १७६६ रोजी जाहीरनामा निघाला. नवा कायदा करायला देशभरातून निवडून प्रतिनिधी पाठवा, आणि त्यांच्यासोबत तुमच्या अडचणी, गरजा लिहून पाठवा.

३० जुलै १७६७. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये प्रतिनिधींनी शपथ घेतली. एकूण निवडले गेलेले सुमारे ५६० जण. उमराव दीडशेच्या वर, शहरांतले व्यापारी-कारागीर दोनशेच्या वर. सरकारी जमिनीवरचे शेतकरी, कोसॅक, तातार, बाश्कीर आणि व्होल्गा-सायबेरियाकडचे अनेक रशियेतर समाज यांचेही प्रतिनिधी होते. रशियात याआधी असं दृश्य कुणी पाहिलं नव्हतं. प्रतिनिधींना सरकारी भत्ता होता, छातीवर सोनेरी बिल्ला होता. आणि एक मोठं वचन होतं. ज्याच्याकडे हा बिल्ला आहे, त्याला आयुष्यभर फाशी, छळ किंवा फटक्यांची शिक्षा होणार नाही. सभेचे अध्यक्ष झाले अलेक्सांद्र बिबिकोव्ह.

नाकाझ वाचून दाखवला गेला. ऐकताना कित्येकांचे डोळे भरून आले म्हणतात. सभेनं कॅथरिनला ‘महान’ आणि ‘मातृभूमीची माता’ अशा पदव्या देऊ केल्या. तिनं त्या नाकारल्या. मी तुम्हाला कायदे करायला बोलावलंय आणि तुम्ही माझी स्तुती करत बसलात, अशा अर्थाची तिची प्रतिक्रिया होती.

प्रतिनिधींनी सोबत आणलेली गाऱ्हाणी जवळजवळ दीड हजार. त्यातली हजाराहून अधिक शेतकऱ्यांची. कर झेपत नाहीत. जंगलात लाकूड तोडू देत नाहीत. खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो. कारकून लाच घेतल्याशिवाय कागद हलवत नाही. उत्तरेकडच्या कार्गोपोलच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी सभेत सुरुवातीलाच वाचली गेली. मॉस्कोच्या राजवाड्यात खेड्यातल्या माणसाचं म्हणणं मोठ्यानं वाचलं जातंय, ही गोष्ट लहान नव्हती.

पण देशातले जवळपास निम्मे शेतकरी या सभेत नव्हतेच. जमीनदारांचे भूदास. त्यांना मतही नव्हतं, प्रतिनिधीही नव्हता. त्यांच्या वतीनं बोलणार कोण, तर त्यांचे मालक.

२२ ऑगस्ट

त्याच वर्षीच्या वसंतात कॅथरिन व्होल्गा नदीतून मोठा ताफा घेऊन त्वेरपासून सिंबिर्स्कपर्यंत फिरली होती. मजेत फिरली. प्रवासात तिनं आणि दरबाऱ्यांनी मिळून एका फ्रेंच कादंबरीचा अनुवादही केला. कझानहून तिनं व्होल्तेअरला पत्र लिहिलं, की इतक्या वेगवेगळ्या लोकांना एकच अंगरखा शिवायचा म्हणजे अवघड काम आहे. याच प्रवासात तिच्या हातात शेकडो अर्ज पडले. त्यातले कितीतरी भूदासांचे, आपल्या मालकांविरुद्ध.

या अर्जांचं काय झालं? २२ ऑगस्ट १७६७ रोजी सिनेटचा हुकूम निघाला. सभा भरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. भूदासांनी मालकाविरुद्ध तक्रार करायची नाही, थेट सम्राज्ञीच्या हातात अर्ज द्यायचा तर अजिबातच नाही. दिलाच, तर अर्ज देणाऱ्याला आणि लिहून देणाऱ्यालाही चाबकाचे फटके आणि नेर्चिन्स्कच्या खाणींत जन्माची सक्तमजुरी. यात मालकाचं नुकसान होऊ नये याचीही काळजी घेतली होती. सायबेरियात गेलेला भूदास त्यानं सैन्यभरतीत दिला असं धरलं जायचं. हा हुकूम चर्चमध्ये वाचून दाखवायचा होता, म्हणजे निरक्षर माणसालाही तो कळावा.

कायदा सोप्या भाषेत आणि सगळ्यांना कळेल असा असावा, हे नाकाझमधलं तत्त्व असं अमलात आलं!

अशी बंदी आधीही कागदावर होती. पण ती कधी पाळली जायची, कधी नाही. फटीतून एखादा अर्ज आत शिरायचा, जसा १७६२ मध्ये शिरला होता. ती फट आता बुजवली गेली. तिकडे साल्तिकोवाचा खटला चालूच होता. सहा वर्षांच्या चौकशीनंतर ३८ जणांच्या मृत्यूबद्दल ती दोषी ठरली. ऑक्टोबर १७६८ मध्ये मॉस्कोच्या चौकात गुन्ह्याची पाटी गळ्यात अडकवून तिला तासभर उभं केलं गेलं, उमरावपद काढून घेतलं, आणि एका मठातल्या तळघरात जन्मभर कोंडलं. शिक्षा योग्यच होती. पण तोपर्यंत, ज्या अर्जामुळे हा न्याय झाला तसा अर्ज करणंच गुन्हा ठरलं होतं. इल्यिन आणि मार्तिनोव्ह यांनी पाच वर्षं उशीर केला असता तर?

बोलणं खूप, निर्णय शून्य

सभेत सुरुवातीपासूनच प्रत्येक गट आपलंच ताट ओढू लागला. प्रिन्स श्चेरबातोव्हसारखे जुन्या घराण्यांतले उमराव म्हणत, नोकरीत बढती मिळवून कुणीही उमराव होतो हे बंद करा. व्यापारी म्हणत, शेतकऱ्यांना व्यापार करू देऊ नका, आणि आम्हालाही भूदास ठेवायचा हक्क द्या. उमराव म्हणत, भूदास फक्त आमचेच. भूदास पळून जातात ही तर सगळ्या जमीनदारांची तक्रार.

मे १७६८ मध्ये एक वेगळा आवाज उठला. ग्रिगोरी कोरोबिन, कोझ्लोव्हच्या उमरावांचा प्रतिनिधी. तो म्हणाला, भूदास का पळतात ते आधी बघा. मालक त्यांच्याकडून वाट्टेल तेवढं उकळतात, म्हणून पळतात. शेतकऱ्यानं मालकाला किती द्यायचं ते कायद्यानं ठरवा आणि उरलेलं त्याचं राहू द्या. मुक्ती वगैरे काही तो मागत नव्हता. एवढ्याशा मागणीवरही सभा त्याच्यावर तुटून पडली. त्याच्या बाजूनं बोलणारे हाताच्या बोटांवर मोजता आले.

कॅथरिन हे सगळं वाचत होती. आपण पुस्तकातून एक देश उभा केला होता आणि प्रत्यक्षातला देश वेगळाच आहे, हे तिला कळत गेलं. त्याच शरद ऋतूत तुर्कस्ताननं युद्ध पुकारलं. अनेक प्रतिनिधी लष्करी अधिकारी होते, त्यांना जावं लागलं. डिसेंबर १७६८ मध्ये दोनशेच्या वर बैठकांनंतर सभा तहकूब झाली. काही उपसमित्या पुढे काही वर्षं काम करत राहिल्या. पूर्ण सभा पुन्हा कधीच भरली नाही. संहिता झाली नाही.

नाकाझ मात्र जगभर फिरला. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, लॅटिन भाषांत तो छापला गेला. व्होल्तेअरनं कौतुकाचा पाऊस पाडला. फ्रेंच सरकारनं बंदी घातली. खुद्द रशियात मात्र त्याच्या प्रती वरिष्ठ कचेऱ्यांपुरत्याच होत्या. खालच्या कारकुनांच्या हाती तो पडू नये, अशी व्यवस्था होती.

बिल्ल्याचं वचन

अर्जाचा रस्ता बंद झाला की माणसं दुसरा रस्ता शोधतात. १७७३ मध्ये याईक नदीकाठी येमेल्यान पुगाचेव्ह नावाच्या दोन-कोसॅकनं जाहीर केलं, की मी पीटर तिसरा, मेलो नव्हतो. कोसॅक, बाश्कीर, खाणकामगार, भूदास त्याच्यामागे धावले. जुलै १७७४ मध्ये त्यानं जाहीरनामा काढला. भूदास मुक्त, जमीन त्यांची, जमीनदारांना संपवा. शेकडो जमीनदार कुटुंबं मारली गेली, वाडे जळाले. उलट बाजूनंही सूड तितकाच भयंकर होता.

बंड मोडायला कॅथरिननं कुणाला पाठवलं? बिबिकोव्हला. कायदा करणाऱ्या सभेचा तोच अध्यक्ष. मोहिमेतच एप्रिल १७७४ मध्ये तापानं तो वारला. आणि समोरच्या बाजूला कोण होतं? तिमोफेय पादुरोव्ह. ओरेनबर्गच्या कोसॅकांचा, त्याच सभेतला प्रतिनिधी. तो पुगाचेव्हला जाऊन मिळाला होता. १० जानेवारी १७७५ रोजी मॉस्कोत पुगाचेव्हसोबत पादुरोव्हलाही मृत्युदंड झाला. आयुष्यभर फाशी नाही, हे बिल्ल्याचं वचन त्याच्यासाठी रद्द करण्यात आलं. बंडाची आठवणच नको म्हणून याईक नदीचं नाव बदलून उराल ठेवलं गेलं.

तरी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. पुगाचेव्हच्या चौकशीत छळ करू नये, असा कॅथरिनचा आग्रह होता. जिवंतपणी हातपाय तोडायची शिक्षा झालेली असताना, तिच्या गुप्त सूचनेवरून आधी शिर उडवलं गेलं. १७७४ मध्येच तिनं गव्हर्नरांना गुप्त आदेश पाठवला, की खटल्यांत छळाचा वापर करू नका, नाकाझ पाहा. म्हणजे पुस्तकावरचा तिचा विश्वास खोटा नव्हता. पण तो दबक्या आवाजात, बंद पाकिटातून जायचा.

कागद आणि कातडी

बंड पेटलेलं असतानाच, १७७३च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेंच विचारवंत दनी दिदरो पीटर्सबर्गला आला होता. आधी तो अडचणीत असताना कॅथरिननं त्याचा ग्रंथसंग्रह विकत घेतला होता, आणि वर त्यालाच ग्रंथपाल नेमून पगार सुरू केला होता. तिथल्या मुक्कामात दोघं तासन् तास बोलले. भूदासांबद्दल त्यानं बोचरे प्रश्न विचारले. बऱ्याच वर्षांनी तिनं फ्रेंच राजदूत सेग्यूरला या भेटींबद्दल सांगितलं. तिचं म्हणणं होतं, की दिदरोचं काम कागदावर, आणि कागद सगळं सोसतो. माझं काम माणसाच्या कातडीवर, ती फार हुळहुळी. म्हणणं चुकीचं नाही. प्रश्न एवढाच, की तिनं कुणाची कातडी जपली?

यानंतर तिनं मोठ्या स्वप्नाऐवजी तुकड्यांनी काम केलं. १७७५च्या कायद्यानं प्रांतांची नवी रचना केली. न्यायालयं कारभारापासून वेगळी करायचा प्रयत्न झाला, दवाखाने आणि शाळांसाठी प्रांतोप्रांती मंडळं नेमली गेली. १७८६ मध्ये सरकारी शाळांची योजना आली. हे काम टिकाऊ होतं. १७८५ मध्ये उमरावांना आणि शहरांना हक्कांच्या सनदा मिळाल्या. उमरावाला खटल्याशिवाय शिक्षा नाही, फटके नाहीत, मालमत्ता जप्त नाही. नाकाझमधली माणुसकी अशी सनदेत उतरली, पण वरच्या मजल्यावरच्यांसाठी. सरकारी शेतकऱ्यांसाठीच्या सनदेचा मसुदाही तयार होता. तो कधी जाहीरच झाला नाही. उलट १७८३ मध्ये युक्रेनच्या मोठ्या भागात शेतकऱ्यांचं स्थलांतर बंद होऊन भूदासप्रथा पक्की झाली, आणि मर्जीतल्या माणसांना जहागिऱ्या देताना लाखो शेतकरी त्यांच्यासोबत दिले गेले.

शेवटची कसोटी १७९० मध्ये आली. तिनंच तरुणपणी जर्मनीत लाइपझिगला कायदा शिकायला पाठवलेला अलेक्सांद्र रादिश्चेव्ह आता अधिकारी झाला होता. त्यानं घरातल्या छापखान्यात, नाव न घालता, पीटर्सबर्ग ते मॉस्को प्रवासाचं एक पुस्तक छापलं. त्यात वाटेत दिसलेले भूदासांचे हाल होते. कॅथरिननं ते पेन हातात घेऊन, समासात टिपणं काढत वाचलं. हा माणूस पुगाचेव्हपेक्षा वाईट, असं तिचं मत झालं. मृत्युदंड सुनावला गेला, मग तो बदलून सायबेरियात दहा वर्षांची हद्दपारी झाली. फ्रान्समध्ये क्रांती सुरू झालेली होती. ज्या लेखकांची पुस्तकं वाचून ती मोठी झाली, त्यांचीच तिला आता भीती वाटू लागली होती.

६ नोव्हेंबर १७९६ रोजी, ३४ वर्षं राज्य करून कॅथरिन वारली.

मग ती ढोंगी होती का?

सोपं उत्तर ‘हो’ आहे. पण ढोंगी माणूस दोन वर्षं पहाटे उठून लिहीत बसत नाही. तिला न्याय हवा होता, हे खरं वाटतं. फक्त तो न्याय तिला वरून द्यायचा होता, आणि ज्यांच्या जिवावर ती गादीवर होती त्यांना न दुखावता द्यायचा होता. भूदासाला हक्क द्यायचा तर तो उमरावाकडूनच काढून घ्यावा लागणार होता. तिथं येऊन तिची लेखणी दरवेळी थांबली.

सभेला ५६० माणसं बोलवली म्हणून आवाज मोकळा झाला असं होत नाही. कुणाला बोलावलं नाही, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्याच्या हातातल्या अर्जाचं काय केलं, हेही पाहावं लागतं.

पुढचा हिशेब दोन ओळींचा आहे. तिचा नातू अलेक्झांडर पहिला यानं १८०१ मध्ये कायदे तयार करणाऱ्या आयोगावर रादिश्चेव्हची नेमणूक केली. तरी १६४९ नंतर रशियाचे कायदे नीट संकलित होऊन छापले गेले ते १८३२ मध्ये, दुसऱ्या नातवाच्या, निकोलसच्या काळात. आणि भूदास मुक्त झाले १८६१ मध्ये. इल्यिन आणि मार्तिनोव्ह यांनी अर्ज दिला, त्याला तेव्हा ९९ वर्षं होत आली होती.